विमान तेच, बँक नवी; मग तुमच्या पॉइंट्सचे काय?

मुरबाड एमआयडीसीत काम करणारा माझा इंजिनीअरिंगचा एक वर्गमित्र आई-वडिलांना विमानाने काशीला नेणार होता. त्याच्याकडे एका विमान कंपनीचे नाव असलेले क्रेडिट कार्ड होते. वर्षभरात ठरावीक रकमेची खरेदी केली की एक तिकीट मोफत, असे कार्ड घेताना सांगितले होते. पठ्ठ्याने वीजबिल, गाडीचा विमा, बहिणीच्या लग्नाचा बस्ता, सगळे त्या कार्डावर घातले. ठरलेल्या रकमेला वीस-बावीस हजार कमी असताना ईमेल आला. विमान कंपनी आणि बँक यांचा करार संपतो आहे, मोफत तिकिटाची सवलत पुढच्या महिन्यापासून बंद.

त्याने मला फोन करून एकच विचारले, ‘मी तर काहीच बदललं नाही. मग माझं तिकीट का गेलं?’

कंपनी आणि बँकेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. विमान कंपन्या आणि बँका यांच्या जोड्या गेल्या काही वर्षांत भराभर बदलत आहेत, आणि अशी कार्डे आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाहीत. म्हणून आधी हा व्यवहार समजून घेऊ आणि मग त्यात काय चुकते आहे ते पाहू.

कार्ड नेमके कोणाचे?

अशा कार्डाला को-ब्रँडेड, म्हणजे दोन नावांचे कार्ड म्हणतात. एक नाव विमान कंपनीचे, दुसरे बँकेचे. विमानाचे चित्र मोठे असते म्हणून आपल्याला कार्ड विमान कंपनीचे वाटते. प्रत्यक्षात कार्ड बँकेचे असते. उधारी बँक देते, व्याज बँक लावते, हप्ता चुकला तर वसुलीचा फोन बँकेकडून येतो आणि सिबिलवर नोंदही बँकच करते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात हे स्पष्ट आहे. भागीदार कंपनीने कार्डाची जाहिरात आणि वितरण करावे, आपल्या सेवा कार्डधारकाला द्याव्यात, एवढीच तिची भूमिका. तुम्ही कुठे किती खर्च केला, ही माहिती तिला पाहता येत नाही.

थोडक्यात, करार विमान कंपनी आणि बँक या दोघांमध्ये होतो. तुमचा करार फक्त बँकेशी असतो. पहिला करार मोडला तरी दुसरा चालूच राहतो. म्हणजे विमान उडून गेले तरी उधारी जागेवरच.

पॉइंट येतात कुठून?

तुम्ही दुकानात शंभर रुपयांचे कार्ड घासले की दुकानदाराच्या हातात पूर्ण शंभर पडत नाहीत. त्यातला छोटा वाटा बँका आणि कार्डाचे जाळे चालवणाऱ्या कंपन्या घेतात. या कमाईतून, वार्षिक फीमधून आणि थकबाकीवरच्या व्याजातून बँक पैसे काढते आणि विमान कंपनीकडून पॉइंट घाऊक भावाने विकत घेते. तेच पॉइंट तुमच्या खात्यात जमा होतात.

विमान कंपनीसाठी हा रोख पैसा असतो. सीट रिकामी जावो की भरून, पॉइंट विकल्याचे पैसे आधीच आलेले असतात. अमेरिकेत हा धंदा किती मोठा आहे ते पाहा. डेल्टा एअरलाइन्सला २०२३ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसकडून सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. २०२० मध्ये करोनाकाळात विमाने जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट्सची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले.

म्हणूनच एखादी बँक प्रति पॉइंट जास्त भाव देऊ लागली की विमान कंपनीची नजर तिकडे वळते. अमेरिकन एअरलाइन्सची कार्डे अनेक वर्षे सिटी आणि बार्कलेज या दोन्ही बँका देत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिने सिटीशी दहा वर्षांचा करार जाहीर केला आणि २०२६ पासून सिटी ही एकमेव बँक ठरवली. बार्कलेजच्या ग्राहकांना कोणती बँक हवी, हे कोणी विचारले नाही.

आपल्याकडे काय घडले?

भारतात जोडी तुटण्याची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिले कारण, विमान कंपनीच बसते. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. मुंबईच्या जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उतरले. जेटची कार्डे एचडीएफसी, आयसीआयसीआय, इंडसइंड आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांच्याकडे होती. जेटची पॉइंट्सची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती तगली आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ नावाने पुढे चालली. पण ज्यांनी जेटच्या विमानात बसायचे म्हणून पॉइंट जमवले, त्यांना ते विमान काही मिळाले नाही.

दुसरे कारण, विलीनीकरण. १२ नोव्हेंबर २०२४ पासून विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले, म्हणजे जमा पॉइंट वाचले. पण अ‍ॅक्सिस, एसबीआय कार्ड आणि आयडीएफसी फर्स्ट यांच्या विस्तारा कार्डांवर ठरावीक खर्चानंतर मिळणारी मोफत तिकिटे २०२५ च्या मार्च-एप्रिलच्या सुमारास बंद झाली. अनेकांनी कार्ड घेतले होते ते त्या तिकिटांसाठीच.

तिसरे कारण, बँकच बाजारातून जाते. सिटीने भारतातला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अ‍ॅक्सिस बँकेला दिला. विमान प्रवासाची कार्डे तर गेलीच, शिवाय इंडियन ऑइलच्या पंपावर चालणारी सिटीची पेट्रोलची कार्डेही अ‍ॅक्सिसकडे गेली. मुंबई-नाशिक महामार्गावर रोज गाडी चालवणाऱ्याला विमानाशी देणेघेणे नसेल, पण हा बदल त्याच्याही खिशापर्यंत पोहोचतो.

चौथे कारण, रिझर्व्ह बँकेची कारवाई. एचडीएफसी बँकेला डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात नवी क्रेडिट कार्डे देता आली नाहीत. कोटक महिंद्र बँकेवर अशीच बंदी एप्रिल २०२४ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. एकाच बँकेवर अवलंबून राहणे विमान कंपन्यांना परवडत नाही, ते यामुळेही. इंडिगोने २०२० मध्ये एचडीएफसी बँकेबरोबर कार्ड आणले, नंतर कोटकही आली. २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही नवी पॉइंट योजना सुरू झाली आणि २०२५ मध्ये एसबीआय कार्ड व आयडीएफसी फर्स्ट यांच्याबरोबर नवी कार्डे निघाली.

आणि जोडी न तुटताही पॉइंट घटू शकतात. ३१ मार्च २०२५ पासून एअर इंडिया एसबीआय सिग्नेचर कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटासाठी शंभर रुपयांमागे मिळणारे ३० पॉइंट १० वर आले. प्लॅटिनम कार्डावर १५ चे ५ झाले. विमान तेच, बँक तीच, पॉइंट एक तृतीयांश.

शहापूर-मुरबाडला याचे काय?

मुरबाडला अजून रेल्वे नाही. विमान पकडायचे तर एसटीने कल्याण, तिथून लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो. शहापूरकराला निदान आसनगावहून लोकल मिळते. मग विमानाच्या कार्डाची चर्चा इथे कशाला, असे कोणी विचारेल.

चर्चा करायची, कारण कार्डे इथे पोहोचली आहेत. एमआयडीसीतले आणि भिवंडी-पडघ्याच्या गोदामांतले पगार बँकेत जमा होतात. पगाराचे खाते उघडले की कार्डाचा फोन येतोच. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येऊ लागले, तेव्हापासून बाजारपेठेतल्या क्यूआर कोडवरही उधारीने खरेदी होते. ज्या घरात आधी कोणाकडेच क्रेडिट कार्ड नव्हते, तिथल्या मुलाचे पहिले कार्ड आता कधी कधी विमानाचे असते. कारण विकणारा विमानतळावरच्या लाउंजचा फोटो दाखवतो, व्याजाचा दर दाखवत नाही.

इथे दोन साध्या गोष्टी सांगायला हव्यात.

एक, व्हिसा किंवा मास्टरकार्डचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येत नाही, त्यासाठी रुपेच लागते. छोट्या दुकानदाराकडे दोन हजारांपर्यंतच्या रुपे-यूपीआय खरेदीवर शुल्क नसते. बँकेलाच तिथे कमाई नाही, त्यामुळे बऱ्याच कार्डांवर अशा खरेदीला पॉइंट कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. आपला खर्च बहुतेक किराणा, दूध, औषधे यांचा असेल, तर विमानाचे कार्ड आपल्यासाठी बनलेलेच नाही.

दोन, हिशेब करून पाहा. समजा, शंभर रुपयांना दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत चाळीस पैसे आहे. एक लाख रुपये खर्च केल्यावर दोन हजार पॉइंट, म्हणजे आठशे रुपये. आता समजा, वीस हजारांचे बिल एक महिना थकले. महिन्याला साडेतीन टक्के हा क्रेडिट कार्डांवर सर्रास दिसणारा दर आहे. व्याज सातशे रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये, एकूण ८२६. लाखभर खर्चाचे पॉइंट एका महिन्याच्या थकबाकीने खाल्ले, आणि लेट फी अजून धरलेलीच नाही.

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अ‍ॅपमध्ये दिसणारा पॉइंट्सचा आकडा तसाच असतो. साठा डोळ्यांसमोर असतो, पण पाणी कधी आणि किती सोडायचे हे दुसराच कोणी ठरवतो.

नियम काय सांगतो?

ग्राहक अगदीच निराधार नाही. २०२२ च्या निर्देशांतल्या काही तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

शुल्क वाढवायचे असेल तर बँकेने किमान एक महिना आधी कळवायचे. तो बदल मान्य नसेल तर जास्तीचे पैसे न देता कार्ड परत करता येते.

तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड बदलून देता येत नाही किंवा वरच्या दर्जाचे करता येत नाही. न मागता पाठवलेल्या कार्डाचे बिल लावले, तर ते रद्द करून बँकेने त्या रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा असतो.

थकबाकी नसेल आणि कार्ड बंद करा म्हणून सांगितले, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. नाही झाले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकाला मिळतो.

कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात, असेही निर्देश म्हणतात. मराठीत अटी आलेले विमानाचे कार्ड मी अजून पाहिलेले नाही.

मग कमी कुठे पडते?

माझ्या मते अडचण एका महिन्याच्या मुदतीत आहे. मोफत तिकिटाची शर्यत बारा महिन्यांची असते. दहा महिने धावलेल्या माणसाला शेवटच्या महिन्यात सांगायचे की अंतिम रेषा काढून टाकली, तर ती सूचना कागदावर नियमात बसेल, पण न्याय्य म्हणता येणार नाही.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पॉइंट ही ठेव नव्हे, ती बक्षिसी आहे आणि धंद्याची गणिते बदलली की बक्षिसी बदलणारच, असे त्या म्हणतात. फुकट कार्डाच्या बाबतीत हे मला पटते. पण ज्या कार्डासाठी वर्षाला तीन हजार रुपये फी आणि वर जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये आधीच घेतले, तिथे बक्षिसीचा मुद्दा टिकत नाही. ग्राहकाने त्या सवलतींचीच किंमत मोजलेली असते.

म्हणून तीन गोष्टी रिझर्व्ह बँकेने सक्तीच्या कराव्यात, असे वाटते. ज्या वर्षाची फी घेतली, त्या वर्षाच्या सवलती नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत चालू ठेवायच्या किंवा फीचा उरलेला भाग परत करायचा. भागीदार बदलताना किमान तीन महिने आधी, ग्राहकाने निवडलेल्या भाषेत एसएमएस पाठवायचा. आणि जमा पॉइंट वापरायला करार संपल्यानंतर सहा महिने द्यायचे.

हे अशक्य नाही. विस्तारा कार्डांच्या वेळी अ‍ॅक्सिसने १८ एप्रिल २०२५ पासून नूतनीकरण होणाऱ्या कार्डांची वार्षिक फी माफ केली. सवलत नाही तर फी नाही, हे तत्त्व एक बँक पाळू शकते, तर ते सगळ्यांसाठी नियम का होऊ नये? रिझर्व्ह बँकेने मनावर घेतले तर असे बदल होतात. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या बँकांना नवे कार्ड देताना व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांपैकी निवड ग्राहकाला द्यावी लागते, हा त्याचाच पुरावा आहे.

तुमच्या कार्डाची जोडी तुटत असेल तर

नियम बदलेपर्यंत आपणच सावध राहायचे.

१. पॉइंट कुठे आहेत ते पाहा. विमान कंपनीच्या खात्यात जमा झालेले पॉइंट बहुधा तिथेच राहतात. बँकेच्या खात्यात अडकलेले पॉइंट मुदतीच्या आत वळवून घ्या.

२. वार्षिक फी कोणत्या तारखेला कापली जाते ते बिलावर शोधा. सवलत गेलेली असेल तर त्या तारखेआधी कार्ड बंद करा किंवा फी नसलेले कार्ड मागा.

३. कार्डाचा नंबर बदलणार असेल तर त्यावर लावलेली वीजबिल, विमा, मोबाइल रिचार्ज यांची आपोआप भरणी नव्याने लावा. विम्याचा हप्ता चुकला तर नुकसान पॉइंट्सपेक्षा मोठे होते.

४. थकबाकी किंवा ईएमआय बाकी असेल तर ती फेडावीच लागते. ‘करार संपला’ म्हणजे कर्ज संपले, असा गैरसमज नको.

५. कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा अ‍ॅपवरून द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

६. सर्वात महत्त्वाचे. बँका बदलत असल्याची बातमी येते तेव्हा ठगांनाही ती कळते. ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, या लिंकवर क्लिक करा’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किंवा एपीके फाइल आली तर उघडू नका. पॉइंट वाचवायला कोणतीही बँक फोनवर ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवा.

आणि नवे कार्ड घेत असाल तर विमानाचे चित्र बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारा. वर्षाची फी किती? आणि उद्या ही विमान कंपनी निघून गेली, तर या कार्डात माझ्यासाठी काय उरते? दुसऱ्या प्रश्नाला विकणाऱ्याकडे उत्तर नसेल, तर फॉर्मवर सही करू नका.

माझ्या मित्राने ते कार्ड बंद केले. बँकेला आठवणीचे दोन ईमेल पाठवावे लागले, पण झाले. आई-वडील काशीला जाऊन आले, कल्याणहून रेल्वेने. तिकिटाचे पैसे त्याने खात्यातून भरले आणि पॉइंट किती मिळतील याची चौकशी केली नाही.